नवस माझा, मिनिटं मैनाची

"पीटीच्या सरांना शाळेत नेमकं काम काय असतं हो?" हा प्रश्न आमच्या गणिताच्या सरांनी मला तीस वर्षं विचारला. जूनमध्ये वेळापत्रक लागलं की विचारायचेच, आणि मीही दरवर्षी वेगळं उत्तर द्यायचो. कधी म्हणायचो, शिट्टी वाजवणं. कधी म्हणायचो, तुम्ही रजेवर गेलात की तुमचा वर्ग गप्प बसवणं. माझ्या निरोप समारंभात त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला आणि हळूच कानाशी पुन्हा तेच विचारलं. त्या दिवशी खरं उत्तर माझ्याकडं होतं, पण एका हातात नारळ, गळ्यात हार आणि समोर मुख्याध्यापक अशा अवस्थेत सांगण्याइतकं ते लहान नव्हतं. म्हणून आता सवडीनं लिहितो.

आमची शाळा कळंब तालुक्यातल्या एका गावात. मी राहायला कळंबला, रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन. मैदान म्हणजे शाळेमागचं सपाट केलेलं रान. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल आणि उरलेल्या दिवसांत सराटे. सराटा म्हणजे जमिनीसरशी पसरणाऱ्या वेलीचा काटा. कसाही पडला तरी एक टोक वर ठेवून पडतो. अशा मैदानावर दोन खांब रोवून आणि फक्कीच्या रेघा मारून जो खेळ होतो तो खो-खो, आणि तोच आमच्या खिशाला परवडणारा.

ज्यांनी हा खेळ नुसता गल्लीत खेळला आहे त्यांना वाटतं, यात पळायचं तेवढं काम. तसं नाही. एका रांगेत आठ जणी उकिडव्या बसलेल्या असतात, एक इकडं तोंड करून, शेजारची तिकडं. नववी पाठलाग करते. तिला रांग ओलांडता येत नाही, मागं फिरता येत नाही. मग ती बसलेल्या एकीच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हणते आणि ती बसलेली उठून धावते. पळणारीला मात्र रांगेतून हवं तसं नागमोडी जाता येतं. म्हणजे तिच्यामागं एक असते, पण कुठल्याही क्षणी दुसरी कुणीतरी समोरून उठणार असते. तिनं नऊही जणींवर लक्ष ठेवायचं. नऊ मिनिटांची पाळी, तीन-तीन जणी मिळून पळायचं, आणि जी जितका वेळ बाद होत नाही तितकी "मिनिटं" तिची. आमच्याकडं मुलीची ओळख सांगताना लोक मार्कं सांगत नाहीत, "अमक्याची पोरगी, तीन मिनिटं पळते" असं सांगतात. या तीन मिनिटांत मन पापणी लवण्याइतकं जरी बाजूला गेलं तरी पाठीवर हात पडतो. आणि मुलीचं मन जागेवर ठेवणं हे पीटीच्या सरांचं काम.

एकदा एका शिबिरात कुणी तज्ज्ञ आले होते. त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले, प्रेरणा, आत्मविश्वास, एकाग्रता, आणि त्यांच्यामध्ये बाण काढले. प्रेरणा वाढली की आत्मविश्वास वाढतो, आत्मविश्वास वाढला की एकाग्रता वाढते. बाण अगदी पट्टीनं काढल्यासारखे सरळ होते. मी ते वहीत उतरवून घेतले आणि पुढं काही वर्षं त्या बाणांवर माझा देवासारखा विश्वास होता. पोरींना मी सामन्याआधी भाषणं द्यायचो. भाषण चांगलं झालं की माझा आत्मविश्वास खरोखर वाढायचा. पोरींचा काय व्हायचा ते पाहायला मला सवड नसायची.

मग मैना आली.

मैना धनगराची. वडील म्हाळप्पा, पांढरं मुंडासं, अंगानं काटक, बोलायला मोजकं. वर्षातले सात-आठ महिने मेंढरं घेऊन हिंडायचे, कुणाच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, खत त्याला, धान्य यांना. मैना शाळेला सुट्टी असली की शेरडं राखायची. आठवीत असताना पहिल्यांदा तिला मी पळायला उभं केलं आणि आमच्या संघातल्या चांगल्या चांगल्या पोरी तिच्यामागं धापा टाकायला लागल्या. ती फार वेगात पळत नव्हती. पण पाठलाग करणारी कुठं वळणार ते हिला आधीच कळत होतं.

"तुला कसं गं कळतं?" मी विचारलं.

"मानंवरनं, सर," ती म्हणाली. "शेरडू पिकात घुसायच्या आधी मान फिरिवतंय. पाय मागनं येत्यात."

मी दोन वर्षं प्रशिक्षणाची पुस्तकं वाचून जे शिकलो नव्हतो ते या पोरीनं मला दोन वाक्यांत शिकवलं. दहावीला येईतो ती सरावात सहज चार मिनिटं काढायला लागली. पळताना तिच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं. ना भीती, ना आनंद. सगळी समोरच्या मानेवर गोळा झालेली असायची.

त्याच वर्षी म्हाळप्पांनी निरोप धाडला की दहावीनंतर शाळा बंद, पोरगी मेंढरामागं येईल. मी त्यांना शोधत एका शेतात गेलो. बाजल्यावर बसवून त्यांनी मला चहा दिला. मी सांगितलं, धाराशिवला खेळाडू मुलींचं वसतिगृह आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेत निवडकर्ते येतात. निवड झाली तर अकरावी, बारावी, राहणं, खाणं, सराव, सगळं तिथं.

म्हाळप्पा मेंढरांकडं बघत म्हणाले, "मास्तर, मला खेळातलं काय बी कळत न्हाय. पर जाणत्या मानसांनी निवडली तर म्या आडवा येनार न्हाय. न्हाय निवडली तर मग तुमी आडवं यायचं न्हाय. बोला."

"कबूल," मी म्हणालो.

परत येताना मोटारसायकलवर माझ्या लक्षात आलं की मी एका पोरीचं आयुष्य एका सामन्यावर लावून आलो आहे. अशा वेळी आमच्या भागातला माणूस जे करतो तेच मी केलं. पुढच्या मंगळवारी तुळजापूर गाठलं. तासभर रांगेत उभा राहिलो आणि देवीसमोर हात जोडून बोललो, "आई, मैनाची निवड होईपर्यंत पायात चपला घालणार नाही." मंदिराबाहेर चपला ठेवल्या होत्या, त्या तिथल्याच एका म्हाताऱ्याला देऊन टाकल्या आणि एसटीत अनवाणी चढलो. फार हलकं वाटत होतं.

इथवर ठीक होतं. नवस माणूस आपल्यापुरता बोलतो. माझी चूक दुसऱ्या दिवशी झाली. सरावाच्या आधी मी सगळ्या पोरींना गोलात बसवलं आणि नवस सांगितला. अगदी रंगवून सांगितला. वहीतला पहिला बाण मी मैनाच्या काळजात असा मारला की मलाच माझं कौतुक वाटलं. मैनानं माझ्या पायांकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, प्रेरणा वाढली.

घरी बायकोला, सुमनला, हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "नवस बोललात ते बरं केलंत. पण पोरींना कशाला सांगितलंत? आता ती पोरगी पळणार का तुमच्या पायाला जपणार?"

"तुला खेळातलं कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य पुढं कितीतरी वर्षं मला जेवताना वाढलं गेलं.

दुसऱ्या दिवशीपासून मैदानावर नवीनच प्रकार सुरू झाला. मी पोचायच्या आधी पोरी वाकून सराटे वेचायच्या. मी खुर्ची ठेवायचो तिथं कुणीतरी पोतं अंथरून ठेवायचं. मैनानं एकदा घरून एरंडेल आणलं, "टाचंला लावा सर, भेगा पडल्यात." मी गहिवरलो. केवढी ही माया, म्हणालो. पण माझ्या घड्याळात तिची मिनिटं उतरत होती. चाराची साडेतीन झाली, साडेतीनची अडीच. आता पळताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसायला लागलं होतं. वळताना तिची नजर क्षणभर मी उभा असायचो तिकडं जायची.

मला काय वाटावं? मला वाटलं, पोरगी ढिली पडली. मी आणखी बोललो. "मैना, सगळं तुझ्यावर आहे. वडिलांचा शब्द, माझा नवस, शाळेचं नाव." एका पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर मी एकेक करून एवढं सामान चढवलं आणि वर तिला म्हणालो, मोकळेपणानं पळ. आज हे लिहिताना लाज वाटते. पण त्या वेळी मी अगदी मनापासून बोलत होतो, आणि मनापासून बोलणारा माणूस थांबवायला फार कठीण असतो.

जिल्ह्याची अंतिम फेरी धाराशिवला होती. समोर परंड्याच्या बाजूच्या शाळेचा संघ. त्यांच्या कदम बाई माझ्या जुन्या ओळखीच्या. ऑक्टोबरचं ऊन, दुपारची वेळ, मैदान तव्यासारखं तापलेलं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतच उभा होतो. मैदानाच्या कडेला, लिंबाखाली, पांढरं मुंडासं दिसलं. म्हाळप्पा आले होते. पोरीचा खेळ त्यांनी कधीच बघितला नव्हता. मांडवात दोन निवडकर्ते वही घेऊन बसले होते.

खो-खोच्या सामन्यात प्रत्येक संघाला दोनदा पाठलाग आणि दोनदा पळती मिळते. आमच्या पहिल्या पळतीला मैना पहिल्याच तिघींत होती. शिट्टी झाली. ती दोन वळणं छान वळली. तिसऱ्या वळणाला मी चटका बसून "स्स" करत पाय उचलला. तिनं माझ्याकडं बघितलं. पाठीवर हात पडला. वीस सेकंदं.

तिच्यापाठोपाठ सगळाच संघ पत्त्यांसारखा कोसळला. मांडवात निवडकर्त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, फार वेळ लागला नाही लिहायला.

मधल्या सुट्टीत मैना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तोंड उघडलं. माझं भाषण तयार होतं. पण तीच आधी बोलली. "सर, पाय लई भाजायलेत न्हवं?"

मी म्हणालो, "माझ्या पायांचं सोड. तू खेळाकडं बघ."

"बघायलेच की. पर माझी नजर तुमच्या पायाकडं जाती. म्या बाद झाले तर तुमी असंच हिंडनार. थंडीत बी. पुढल्या उन्हाळ्यात बी. समोरच्या पोरीची मान बघावी म्हनलं की मला तुमच्या टाचाच दिसत्यात." आणि मग ती रडायला लागली. मागं उभ्या असलेल्या पोरीही रडायला लागल्या. सगळा संघ माझ्या पायांसाठी रडत होता.

तेव्हा मला कळलं. वहीतले ते सरळ बाण मी कधी तपासूनच बघितले नव्हते. पोरीला पळावंसं वाटत होतं, ते आधीपासूनच वाटत होतं. आपल्याला पळता येतं हेही तिला माहीत होतं. त्यात मी भर घालायला गेलो, आणि भर पडली ती धास्तीची. तिला जिंकायचं राहिलंच नव्हतं, तिला मला वाचवायचं होतं.

मी म्हणालो, "मी चपला घातल्या तर पळशील?"

सगळ्या पोरी रडायच्या थांबून माझ्याकडं बघायला लागल्या. देवीला दिलेला शब्द मोडणं ही आमच्याकडं हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. खरं सांगतो, माझाही धीर होत नव्हता. आणि घालणार तरी काय? चपला तर तुळजापुरात देऊन आलो होतो. एवढ्यात माझ्यासमोर धपकन दोन वहाणा पडल्या. जाड कातड्याच्या, धुळीनं भरलेल्या. म्हाळप्पा कधी जवळ येऊन उभे राहिले होते ते कळलंच नव्हतं.

"घाला, मास्तर," ते म्हणाले.

"अहो, पण नवस..."

"देवीला काय सांगायचं ते म्या सांगतो. ती आईच हाय. लेकराला कशाचं वझं हुतंय ते तिला तुमच्या-माझ्या आधी कळतंय. घाला."

मी घातल्या. पाय आत गेले आणि इतक्या दिवसांनी मिळालेल्या त्या सुखानं माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की मैना डोळे पुसता पुसता फिसकन हसली. मग तिनं वडिलांच्या उघड्या पायांकडं बघितलं. म्हटलं, आता ही वडिलांचे पाय बघत पळणार.

"आणि तुमचे पाय?" मीच घाबरून म्हाळप्पांना विचारलं.

"आन्नाच्या पायात सराटा घुसला तर सराट्यालाच लागतंय, सर," मैना म्हणाली, आणि सगळा संघ खदाखदा हसायला लागला. म्हाळप्पासुद्धा मिशीत हसले. पलीकडून कदम बाई ओरडल्या, "काय सर, हरताय आणि हसताय?" मी म्हणालो, "बाई, तुम्ही फक्त बघा."

शिट्टीच्या आधी मी मैनाला एकच गोष्ट सांगितली. "मान बघ." बाकी सगळं भाषण गिळलं. घड्याळ एका राखीव मुलीच्या हातात दिलं, आणि नऊ मिनिटं तोंड बंद ठेवायचं ठरवलं. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात अवघड काम होतं. आमच्याकडं पळती सुरू असताना कडेचे सगळे लोक "एक मिन्ट झालं! दोन मिन्टं झाली!" असा गजर करतात, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज नेहमी माझा असतो. त्या दिवशी मी रुमाल दातात धरला.

मैना पळाली. कशी पळाली ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा काही म्हणजे काही नव्हतं. परंड्याच्या पोरी एकीमागून एक उठत होत्या, आणि उठायच्या आधीच मैना पलीकडच्या बाजूला गेलेली असायची. एकदा त्यांच्या सगळ्यात उंच पोरीनं खांबाजवळून सूर मारला. मैनानं कंबर एवढीशी आत घेतली आणि तो हात हवेतच राहिला. तिच्याबरोबरच्या दोघी बाद झाल्या, तरी ही एकटी पळतेच आहे. चार मिनिटं दहा सेकंदं झाली तेव्हा कुठं पाठीवर हात पडला, तोही बोटाच्या टोकानं. परंड्याच्या पोरींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. माझ्या रुमालाला भोक पडलं होतं.

सामना आम्ही एका गुणानं हरलो. आमची शेवटची मुलगी बाद झाली तेव्हा पाळीचं अर्धं मिनिट उरलं होतं. पण मी हरल्यासारखा अजिबात वागत नव्हतो. चार मिनिटं दहा सेकंदं! मी वहाणा फटक-फटक वाजवत मांडवाकडं निघालो.

मांडवात खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याच वेळी शेजारच्या मैदानावर दुसऱ्या गटाचा सामना सुरू होता. पहिला डाव बघून निवडकर्ते तिकडं गेले होते. त्यांचंही चुकलं नव्हतं, दोन माणसं आणि तीन मैदानं. मी धावत जाऊन त्यांना गाठलं, हातवारे करून सांगितलं, राखीव मुलीच्या हातातलं घड्याळ दाखवलं. ते सभ्य होते. म्हणाले, "सर, तुमचं खोटं कसं म्हणू? पण आम्ही जे पाहिलं तेच लिहिता येतं." संध्याकाळी यादी लागली. मैनाचं नाव नव्हतं.

लिंबाखाली मैना बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. तिला कळलं होतं. ती रडत नव्हती, आणि त्यानं मला जास्त त्रास होत होता. वीस सेकंदं बघितली गेली आणि चार मिनिटं बघितलीच गेली नाहीत, आणि ती वीस सेकंदं मी घडवलेली होती. म्हाळप्पांसमोर मी वहाणा काढून ठेवल्या. आडवं यायचं नाही असा शब्द मी दिला होता. तरी मी वाद घालायचं मनात ठरवलं होतं, शब्द गेला तर गेला.

म्हाळप्पांनी वहाणा पायात सरकवल्या. "मास्तर, काय ठरलं व्हतं आपलं?"

"जाणत्या माणसांनी निवडली तर," मी म्हणालो.

"त्येंनी बघितलंच न्हाय म्हनं."

"नाही. ते दुसऱ्या मैदानावर गेले होते."

"म्या कुठं गेलो व्हतो?" म्हाळप्पा म्हणाले. "म्या हितंच हुबा व्हतो. पयल्यापास्नं शेवटपत्तूर बघितलं." त्यांनी मैनाकडं बघितलं. "आयुष्यभर जनावरं पारखतूया मास्तर. बाजारात माझ्या शब्दावर लोक मेंढरं घेत्यात. मग माझ्याच पोरीपुरता म्या जाणता न्हाय व्हय? धरा माझी निवड."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मैना नाडी हातात तशीच धरून बापाकडं बघत राहिली.

"पर तिला ठिवायची कुठं?" म्हाळप्पांनी विचारलं. "वसतिगृह तर गेलं."

"आमच्या घरी," मी म्हणालो. "कळंबला कॉलेज आहे. सराव मी घेईन." सुमनला विचारलंही नव्हतं. त्या सबंध हंगामात मी जितकं बोललो होतो त्यातले हेच तेवढे बोल मला कधी परत घ्यावेसे वाटले नाहीत.

मैनानं नाक पुसलं. तिला दुसरीच काळजी पडली होती.

"सर, तुमच्या घरी शेरडं हायती का?"

"नाहीत."

"मग सकाळच्याला उठून म्या करायचं काय?"

"पळायचं," मी म्हणालो.